लांब लहरींची जुळणी : शिरोलीहून एक आढावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसचं पॅनल ज्याने उघडून पाहिलंय, त्याला लांब लहरींच्या हौशी रेडिओतला सगळ्यात अवघड प्रश्न निम्मा तरी आधीच ठाऊक असतो. फक्त त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं. भट्टीच्या कॉइलला पाचशे ते हजार हर्ट्झची वीज द्यायची असते. कॉइलचा रोध थोडा, इंडक्टन्स मात्र भरपूर. म्हणून शेजारी पाण्याने गार ठेवलेल्या कपॅसिटरची बँक बसवतात, दोघांचा रेझोनन्स जमवतात आणि इन्व्हर्टरला झेपेल एवढंच व्होल्टेज, एवढाच करंट त्याच्या वाट्याला येईल असे टॅप निवडतात. १३७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारा हॅम वेगळं काही करत नाही. त्याचा कपॅसिटर म्हणजे आभाळात टांगलेली तार, आणि कॉइल त्याला स्वतः गुंडाळावी लागते, एवढाच फरक.

अँप्लिफायर आणि अँटेना एकमेकांना जुळवायचे म्हणजे नेमकं काय करायचं, कशासाठी करायचं आणि कुठे थांबायचं, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची आकडेमोड कुठे चालली आहे ते कळेल. या पट्ट्यांवर जुळणी करायची ती अँप्लिफायर जिवंत राहावा म्हणून. सिग्नल किती दूर जाणार हे अँटेनाची उंची, जमीन आणि कॉइल ठरवतात. हे दोन हिशेब एकाच वहीत लिहिले की माणूस मीटरचा काटा खाली आणण्यात महिने घालवतो आणि सिग्नल होता तिथेच राहतो.

आधी पट्टे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींना १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा २२०० मीटरचा पट्टा दुय्यम हक्काने मिळाला. २०१२ च्या परिषदेत ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ, म्हणजे ६३० मीटरचा पट्टा मिळाला. ब्रिटनमध्ये त्याआधी १९९६ पासून काही वर्षं ७३ किलोहर्ट्झवरही प्रयोग चालले होते. अमेरिकेने आपल्या हॅमना हे दोन्ही पट्टे २०१७ मध्ये खुले केले. शक्तीची मर्यादा ऐकून नवा माणूस हसतो: २२०० मीटरवर १ वॅट ईआयआरपी, ६३० मीटरवर १ आणि काही अटींवर ५ वॅट. ही मर्यादा अँप्लिफायरच्या आउटपुटवर नाही, अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या लहरींवर आहे. तो एक वॅट बाहेर पडायला आत किती ओतावं लागतं हे थोड्याच वेळात दिसेल, आणि मग हसू मावळतं.

एकेकाळी खंडापलीकडे बोलायचं तर लांब लहरींशिवाय मार्ग नव्हता. स्वीडनमधलं ग्रिमेटन केंद्र १९२४ पासून १७.२ किलोहर्ट्झवर चालत होतं. त्याचा जनित्रासारखा फिरणारा अलेक्झांडरसन अल्टरनेटर २०० किलोवॅटचा, आणि अँटेना १२७ मीटर उंचीच्या सहा मनोऱ्यांवर ताणलेली. २००४ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. आपल्याकडे १९२७ मध्ये खडकीचं प्रक्षेपण केंद्र आणि दौंडचं ग्रहण केंद्र इंग्लंडशी जोडलं गेलं ते लघुलहरींच्या बीम पद्धतीने. कमी शक्ती, लहान अँटेना आणि तारांच्या केबलपेक्षा स्वस्त. लांब लहरींचा धंदा तिथून आटत गेला. आज भारतात या टोकाला मोठं काम करतं ते नौदलाचं तिरुनेलवेली जिल्ह्यातलं आयएनएस कट्टबोम्मन केंद्र, पाण्याखालच्या पाणबुड्यांसाठी. बाकी मोकळी झालेली पट्टी नादिष्टांच्या वाट्याला आली.

कोल्हापूर परिसरात उतरत्या फ्रिक्वेन्सीची शिडी नीट दिसते. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा एमएफ रडार १९९९ पासून आहे. तो १.९८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे हौशींच्या १६० मीटर पट्ट्याच्या शेजारी, वरच्या वातावरणातल्या वाऱ्यांचा वेध घेतो. तिथे अर्ध्या लहरीचा डायपोल पाऊणशे मीटरच्या आसपास भरतो. मोठा आहे, पण खांबांवर टांगता येतो, आणि पूर्ण लांबीचा डायपोल मिळाला की जुळणीचं काम सोपं होतं. एक पायरी खाली सांगली आकाशवाणी, १२५१ किलोहर्ट्झ. तिथे पाव लहर ६० मीटर. मनोरा उभा करता येतो. ४७५ किलोहर्ट्झवर पाव लहर १५८ मीटर. आणि १३७ किलोहर्ट्झवर पाव लहर ५४७ मीटर. शिरोलीतल्या शेडच्या छपरावरून सोडाच, कुणाच्याच छपरावरून हे जमणार नाही. हौशीची अँटेना लहरीच्या मानाने नेहमीच खुजी राहणार, आणि जुळणीचा सगळा प्रश्न या खुजेपणातून येतो.

आता एक अँटेना प्रत्यक्ष घेऊ. शेडच्या कडेला १२ मीटर उंचीचा पाइप, त्यावरून उभी तार, आणि टोकाशी जोडून दुसऱ्या शेडपर्यंत ४० मीटर आडवी तार. उभ्या तारेचे मीटरला सुमारे ६ पिकोफॅरॅड, आडवीचे ५ धरले तर एकूण कपॅसिटन्स २७० पिकोफॅरॅडच्या आसपास येतो. १३७ किलोहर्ट्झवर त्याचा रिॲक्टन्स ४,३०० ओहम. तो रद्द करायला ५ मिलिहेन्रीची कॉइल लागते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या फॉर्मरवर २ मिलिमीटर अंतराने सुमारे १६० वळसे, दीडशे मीटर तार. उद्यमनगरातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे हे मोजमाप दिलं तर तो कसली मोटर म्हणून विचारेल, पण तार देईल.

या कॉइलचा क्यू, म्हणजे रिॲक्टन्स भागिले रोध, ३०० मिळाला (चांगली गुंडाळली तर मिळतो) तरी तिचा स्वतःचा रोध १४ ओहम. जमिनीतला आणि आजूबाजूचा तोटा ५० ओहम धरू. बऱ्याच हौशी केंद्रांवर तो इतका किंवा याहून जास्त असतो. अँटेनातून खरोखर लहरी होऊन जाणाऱ्या शक्तीचा हिशेब ज्याने होतो तो प्रारण रोध मात्र ०.०३६ ओहम. शून्याच्या पुढे आणखी एक शून्य आहे, छपाईची चूक नाही. म्हणजे एकूण ६५ ओहममधले छत्तीस सहस्रांश ओहम कामाचे. आत दिलेल्या शक्तीच्या अठराशे भागांतला एक भाग बाहेर जातो, उरलेला माती आणि तांबं तापवतो. इंडक्शन फर्नेसमध्ये कॉइलला दिलेल्या शक्तीपैकी पाऊण हिस्सा तरी धातूत उतरतो. फाउंड्रीवाल्याला अँटेनाचा अठराशेव्या भागाचा आकडा दाखवला तर तो अशी भट्टी लगेच बंद करायला लावेल.

मर्यादेतला पूर्ण १ वॅट ईआयआरपी (यात अँटेनाची दिशिक वाढही धरलेली असते) गाठायचा तर या अँटेनात ३ अँपिअर करंट लागतो. म्हणजे आत ६०० वॅट. आणि ३ अँपिअर गुणिले ४,३०० ओहम म्हणजे कॉइलच्या वरच्या टोकाला १३ हजार व्होल्ट, शिखरावर १८ हजारांच्या पुढे. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. शिरोलीच्या हवेत फाउंड्रीची काळी धूळ असते: वाळू, कोळशाची पूड, लोखंडाचा कण. ती इन्सुलेटरवर बसते, पावसाची पहिली सर येते, आणि इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून ठिणगी सरपटत जाते. प्लास्टिक जळून काळी रेघ पडली की ती रेघच वाहक होते. इन्सुलेटर लांब घ्या, पुसत राहा, आणि कॉइल माणसाच्या हाताच्या टप्प्यात ठेवू नका. पत्र्याच्या भिंतीला टेकवून तर नकोच. पत्र्यात फिरणाऱ्या करंटने क्यू निम्म्यावर येऊ शकतो. कॉइलच्या व्यासाएवढं तरी अंतर चहूबाजूंनी मोकळं हवं.

तीच अँटेना ४७५ किलोहर्ट्झवर किती माणसाळते पाहा. कॉइल ४१६ मायक्रोहेन्री, प्रारण रोध ०.४३ ओहम, एकूण रोध ३० ओहमच्या आसपास. ५ वॅट ईआयआरपीला ११७ वॅट पुरतात, व्होल्टेज अडीच हजारांच्या आत. नवख्याने ६३० मीटरपासून सुरुवात करावी असं जाणकार सांगतात ते यामुळेच, आणि मलाही ते पटतं.

पुढचा मुद्दा जमिनीचा, आणि माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त दुर्लक्षित. कारखान्याचा इलेक्ट्रिशियन अर्थ टेस्टर लावून सांगतो, पिटचा रोध एक ओहम आहे, उत्तम आहे. त्याच्या कामासाठी तो उत्तमच आहे. पण टेस्टर मोजतो शंभर-दीडशे हर्ट्झवर, पिटच्या पट्टीपासून मातीपर्यंतचा रोध. १३७ किलोहर्ट्झला अँटेनाच्या तारेतून निघणारं विद्युतक्षेत्र आजूबाजूच्या सगळ्या मातीत, झाडांत, भिंतींत शिरतं आणि परतीचा करंट त्या सगळ्यातून वाट काढत कॉइलच्या पायाशी येतो. तोटा तिथे होतो. मीठ-कोळसा घातलेला खोल पिट तो कमी करत नाही. आडव्या तारेच्या खाली जमिनीलगत पसरलेल्या तारा कमी करतात. मध्यमलहरी केंद्रांत मनोऱ्याभोवती १२० तारा गाडण्याची रीत १९३७ च्या ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन यांच्या मोजणीपासून रूढ झाली. हौशीला १२० जमणार नाहीत; वीस जमल्या तरी फरक पडतो.

पंचगंगेकाठची काळी माती या कामाला चांगली. ओली असेपर्यंत. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि मुरूम-कातळाच्या चढावर गेलात तर गोष्टच वेगळी. शेडचे खांब, पत्रे, सांगाडा एकत्र जोडून जमीन म्हणून वापरण्याचा मोह होतो. चालतं, पण गंजलेले सांधे डायोडसारखे वागतात आणि तुमच्याच सिग्नलच्या पटी तयार करून आजूबाजूला पसरवतात. सांध्यांवर वेल्डिंगचा टाका किंवा वेगळी तांब्याची पट्टी मारल्याशिवाय हा मार्ग धरू नये. ग्रिमेटनच्या अभियंत्यांनी जमिनीचा तोटा वेगळ्या रीतीने मारला होता. प्रत्येक मनोऱ्यापाशी वरून एक तार खाली आणून स्वतंत्र कॉइलने जमिनीला जोडली. करंट सहा ठिकाणी वाटला गेला, आणि तोटा करंटच्या वर्गाने वाढत असल्याने तो एकूण बराच उतरला. लांबलचक शेड असेल तर दोन टोकांना दोन उतरत्या तारा हाच उपाय लहान प्रमाणावर करून पाहण्यासारखा आहे.

आणि इथेच उभ्या लहरींचं प्रमाण दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर फसवतो. आपल्या ६५ ओहमच्या अँटेनाला ५० ओहमचा मीटर १.३ दाखवतो, कुठलाही ट्रान्सफॉर्मर न लावता. हॅम खूश. मग कुणीतरी मेहनत करून जमिनीचा तोटा ५० वरून २० ओहमवर आणतो. एकूण रोध ३४. आता तोच १ वॅट ३२० वॅटमध्ये मिळतो, वीज जवळजवळ निम्मी. पण मीटर दाखवतो १.४७. अँटेना सुधारली आणि मीटर बिघडल्याचं सांगतो! उलट जमीन अशी खराब असती की एकूण बरोबर ५० ओहम भरले असते, तर मीटरने १.० दाखवून पाठ थोपटली असती. या पट्ट्यांवर न जुळवताच मिळालेला सुंदर एसडब्ल्यूआर पाहिला की मला आधी त्या माणसाच्या जमिनीची काळजी वाटते.

शिवाय एसडब्ल्यूआर कमी ठेवायचा तो मुळात केबलमधल्या तोट्यासाठी. इथे ३० मीटर कोॲक्स म्हणजे केबलमधल्या लहरीचे दोन टक्के. एवढ्या तुकड्यात उभी लहर असली काय, नसली काय. केबल जणू साधी जोडतार. त्यामुळे वरच्या पट्ट्यांवरून आलेल्या माणसाची अर्धी सवय इथे निरुपयोगी ठरते.

मग जुळवायचं कशाला? अँप्लिफायरसाठी. पुस्तकात वाचलेलं असतं की स्रोताचा अंतर्गत रोध आणि लोडचा रोध सारखा केला की जास्तीत जास्त शक्ती मिळते. महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरला कुणी असं जुळवत नाही, कारण तसं केलं तर निम्मी वीज ट्रान्सफॉर्मरमध्येच जळेल. लांब लहरींचा आजचा अँप्लिफायर त्याच जातीचा आहे. बहुतेक हौशी स्विचिंग पद्धत वापरतात, कारण मोर्स किंवा डब्ल्यूएसपीआरसारख्या संथ डिजिटल पद्धतींत सिग्नलची उंची बदलत नाही, आणि मॉस्फेट नुसता चालू-बंद केला तरी चालतो. ४८ व्होल्टवर चालणारा फुल ब्रिज घ्या. त्याच्या चौकोनी लहरीतला मूळ घटक ४३ व्होल्टचा. ६०० वॅट काढायचे तर त्याला ३.१ ओहमचा लोड दिसला पाहिजे, आणि मॉस्फेटांतून १४ अँपिअर जातील. दोन मॉस्फेटांचा मिळून चालू अवस्थेतला रोध समजा ०.०८ ओहम आहे. पुस्तकी जुळणी करून तेवढाच लोड लावला तर पावणेतीनशे अँपिअरचा हिशेब निघतो, म्हणजे मॉस्फेटचा धूर. तेव्हा अँप्लिफायरला त्याच्या आराखड्यात ठरलेला लोड दाखवायचा. जुळणीचा अर्थ इथे एवढाच, आणि फर्नेसच्या पॅनलवर टॅप बदलणारा फिटर नेमकं तेच करतो.

३.१ वरून ५० ओहमला जायला सोळापट, म्हणजे वळशांचं प्रमाण १ : ४. फेराइट कोअर निवडताना ओहमपेक्षा फ्लक्सकडे बघा. ५० ओहम बाजूला ६०० वॅट म्हणजे १७३ व्होल्ट. ईटीडी ५९ आकाराच्या कोअरवर त्या बाजूला दहा वळसे घातले तर फ्लक्स ०.०८ टेस्लाच्या आसपास येतो, चालेल. एक तृतीयांश क्षेत्रफळाच्या लहान कोअरवर तेच वळसे घातले तर तो ०.२ च्या वर जातो, आणि डब्ल्यूएसपीआरच्या सलग दोन मिनिटांच्या प्रक्षेपणात कोअर हात लावू न देण्याइतका तापतो. जुन्या वेल्डिंग इन्व्हर्टरमधला कोअर या कामाला बरा. त्या मशीनी शिरोलीत भंगारात येतच असतात. अँटेनाच्या पायाशी दुसरा टॅपवाला ट्रान्सफॉर्मर ठेवायचा, २० ते १०० ओहमपर्यंत पायऱ्या निवडता येतील असा. काही जण कॉइलच्याच तळाकडच्या वळशांवर टॅप घेतात. तेही ठीक, पण उन्हाळा-पावसाळ्यात रोध बदलतो तेव्हा टॅप शोधत बसावं लागतं.

अँप्लिफायरच्या इतर जाती थोडक्यात. नेथन आणि ॲलन सोकल या पितापुत्रांनी १९७५ मध्ये मांडलेला क्लास-ई एकाच मॉस्फेटवर उत्तम कार्यक्षमता देतो. पण मॉस्फेटवर पुरवठ्याच्या साडेतीनपट व्होल्टेज येतं आणि लोड जरा हलला की त्याचं गणित बिघडतं. डोलणाऱ्या तारेसाठी मी तो सुचवणार नाही. लिनिअर अँप्लिफायर लोड बदलला तरी निमूट राहतो, मात्र निम्मी वीज हीटसिंकला देतो. मला ब्रिजच बरा वाटतो.

ब्रिजला ओहमच्या चुकीपेक्षा फेजची चूक जास्त मारते. लोड थोडा इंडक्टिव्ह असला की करंट मागे रेंगाळतो, मॉस्फेट शून्य व्होल्टेजवर अलगद चालू होतो. लोड कपॅसिटिव्ह झाला की समोरच्या मॉस्फेटचा अंगचा डायोड अजून वाहत असतानाच हा चालू होतो, आणि दर आवर्तनाला एक झटका बसतो. आयजीबीटीच्या सिरीज-रेझोनंट फर्नेस पॅनलमध्येही म्हणूनच इन्व्हर्टर रेझोनन्सच्या जरा वर चालवतात.

आता हे अँटेनाला लावून बघा. आपल्या अँटेनाचा एकूण क्यू ६६, बँडविड्थ दोन किलोहर्ट्झ. पाऊस आला, तार ओली झाली, झाडं भिजली, कपॅसिटन्स एक टक्का वाढला. रेझोनन्स ०.७ किलोहर्ट्झने खाली सरकला. तुमची फ्रिक्वेन्सी आहे तिथेच आहे, म्हणजे आता रेझोनन्सच्या वर, इंडक्टिव्ह बाजूला. करंट घटेल, सिग्नल पडेल, मॉस्फेट वाचेल. पण आडवी तार तुटून पडली तर कपॅसिटन्स घटतो, रेझोनन्स वर जातो आणि लोड कपॅसिटिव्ह होतो. म्हणजे अशा अँप्लिफायरला पावसापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. ट्युनिंग करताना बरोबर रेझोनन्सवर न थांबता केसभर इंडक्टिव्ह बाजूला थांबावं ते यासाठी. मात्र मधल्या लो-पास फिल्टरमध्ये फेज पाव आवर्तन फिरत असेल तर सगळं उलटं होतं. इंडक्टिव्ह लोड अँप्लिफायरला कपॅसिटिव्ह दिसतो. फिल्टरचा आराखडा घेताना हे तपासून घ्या. ब्रिजकडचा त्याचा पहिला भाग सिरीज कॉइल हवा. थेट कपॅसिटर आला तर चौकोनी लहरीच्या प्रत्येक कडेला करंटचा सुळका. आणि फिल्टर टाळू नका: ४७५ ची तिसरी पट १,४२५ किलोहर्ट्झ, सरळ मध्यमलहरींच्या पट्ट्यात.

फर्नेस आणि अँटेना यांच्यातला मोठा फरक इथे लागतो. भट्टीचं अस्तर झिजत गेलं की वितळलेला धातू कॉइलच्या जवळ येतो, इंडक्टन्स घटतो. पॅनल आपोआप फ्रिक्वेन्सी वाढवून रेझोनन्सच्या मागे जातं. जुना फिटर मीटरवरची फ्रिक्वेन्सी बघून अस्तर किती झिजलंय याचा अंदाज सांगतो. हॅमला ही सोय नाही, त्याची फ्रिक्वेन्सी ठरलेली. म्हणून कॉइललाच हलवावं लागतं. मोठ्या कॉइलच्या आत लहान कॉइल फिरती ठेवायची, म्हणजे व्हेरिओमीटर. गाडीच्या वायपरची मोटर किंवा स्टेपर लावून तो घरातून फिरवता येतो. बाकी अँटेना कितीही चांगली असो, व्हेरिओमीटर नसेल तर पावसाळ्यात केंद्र बंद ठेवावं लागेल असं धरून चाला.

मोजणीसाठी मीटरपेक्षा ऑसिलोस्कोप भला. फेराइट रिंगवर वीसेक वळशांचा करंट ट्रान्सफॉर्मर एका चॅनलला, व्होल्टेजचा विभागलेला नमुना दुसऱ्याला. दोन्ही लहरींची उंची बघून ओहम, आणि त्यांच्यातलं सरकलेपण बघून इंडक्टिव्ह की कपॅसिटिव्ह हे कळतं. इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांना हे चित्र रोजचं. नॅनोव्हीएनए ५० किलोहर्ट्झपासून मोजतो आणि स्वस्त आहे, पण जवळच्या मध्यमलहरी केंद्राचा सिग्नल अँटेनातून आत शिरला की आकडे नाचायला लागतात. या सगळ्यांहून महत्त्वाचा आकडा अँटेनाच्या पायाशी वाहणारा करंट. तो वाढला तर सिग्नल वाढला. बाकी सगळे मीटर खोटं बोलू शकतात.

ऐकण्याच्या बाजूने औद्योगिक वसाहत म्हणजे शिक्षा. थायरिस्टर पॅनल, व्हीएफडी, एलईडीचे ड्रायव्हर, सगळे या पट्ट्यात कचरा टाकतात. २२०० मीटरचं दुर्दैव तर खास आहे: तारांतून परत जाणाऱ्या गोंगाटाची सीआयएसपीआरची नेहमीची मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते, म्हणून पॉवर सप्लाय बनवणारे मूळ फ्रिक्वेन्सी मुद्दाम त्याखाली ठेवतात. ती अनेकदा १३७ च्या अंगावर येते. उपाय एकच: पाठवायची अँटेना शेडवर, ऐकायची लहान लूप अँटेना वसाहतीबाहेर शेतात, गोंगाटाच्या दिशेला तिची मंद बाजू करून. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आणि पहाटे ऐकलं तर बरंच काही कानावर पडतं. मे महिन्यातला वळीव गडगडत असेल तेव्हा मात्र रेडिओ बंद करून अँटेना जमिनीला जोडावी.

या पट्ट्यांवर वीज कंपन्याही आहेत. उच्चदाब उपकेंद्रांत वाहिन्यांवर टांगलेले मोठे दंडगोल दिसतात, ते वेव्ह ट्रॅप. उपकेंद्रं एकमेकांशी आणि संरक्षण रिलेंशी ५०० किलोहर्ट्झखालच्या कॅरिअरने त्याच तारांतून बोलतात, आणि खाली कपॅसिटरच्या पायाशी असतं लाइन मॅचिंग युनिट. अमेरिकेत हॅमला या पट्ट्यांवर येण्याआधी वीज कंपन्यांच्या संघटनेला कळवावं लागतं आणि अशा वाहिनीपासून एक किलोमीटर दूर राहावं लागतं. भारतात परवाना दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा देते. तुमच्या परवान्याच्या तक्त्यात जे पट्टे छापलेत तेवढेच तुमचे. बाकी फ्रिक्वेन्सींवर अँप्लिफायर डमी लोडवर चालवा, अँटेनाला लावू नका. वर सांगितलेली सगळी रीत १६० मीटरलाही लागू पडते, कारण तिथेही १२ मीटरचा पाइप खुजाच. उंच मास्ट उभारायचा असेल तर उजळाईवाडीचा विमानतळ फार लांब नाही, हेही ध्यानात असू द्या. उंचीची परवानगी आधी काढावी.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलमध्ये फर्नेसची पॅनलं दुरुस्त करणाऱ्या, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना एक सुचवतो. हॅमच्या परीक्षेला बसा. लागणारं ज्ञान तुमच्या हातात आधीच आहे आणि निम्मं सामान भंगारात मिळेल. परवाना हातात येईपर्यंत अँटेना उभारून अत्यल्प शक्तीने मोजता येते: उंची, आडव्या तारेची लांबी, जमिनीवरच्या तारांची संख्या, आणि पायथ्याचा रोध. हे मे महिन्यात एकदा, जुलैत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजून लिहून ठेवा. परदेशी पुस्तकांतले जमिनीचे आकडे तिकडच्या मातीचे आहेत. पंचगंगेच्या काळ्या मातीचे आकडे इथल्याच कुणीतरी काढायचे आहेत.